घरातल्या तबकड्यांची निगा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी काहीतरी बोलावे, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरकाम करणारी बाई. मोठ्या विषयावर व्याख्यान देणे मला जमायचे नाही. पण जे काम मी लग्न होऊन अंजनवेलला आल्यापासून दरसाल करीत आले आहे, त्याविषयी चार गोष्टी सांगता येतील. म्हणून हा विषय घेतला. ग्रामोफोनच्या तबकड्या, म्हणजे आपण ज्यांना रेकॉर्डी म्हणतो, त्या आपल्या या दमट गावात कशा जपाव्यात?

काहीजणी मनात म्हणतील, ही पुरुषांची हौस. हिच्याशी आपला काय संबंध? आमच्या घरीही रेकॉर्डी मामंजींच्या, असेच सारे म्हणत. त्यांनी मुंबईला नोकरी करताना पैसा पैसा साठवून त्या घेतल्या, हे खरेच आहे. काही तर त्यांच्याही वडिलांच्या वेळच्या. पण त्या टिकल्या कोणाच्या हाताने? मामंजी वर्षातून दोनदा गावी यायचे. बाकीचे दहा-अकरा महिने फडताळ उघडायचे, पुसायचे, हवा द्यायची, वाळवी पाहायची, हे सारे सासूबाईंनी केले. त्यांना फोनोची चावी द्यायलाही कोणी सांगितले नव्हते. तबकडीवर गाणाऱ्याचे नाव असते, कव्हरावर विकत घेणाऱ्याचे नाव असते. पुसणारीचे नाव कुठेच नसते. म्हणून मी म्हणते, संबंध आपलाच आहे.

आपल्या गावात रेकॉर्डी आल्या त्या चाकरमान्यांबरोबर. मुंबईहून बोटीने दाभोळला उतरायचे आणि होडीने वाशिष्ठी ओलांडून अलीकडे यायचे. सामानात कपड्यांच्या घड्यांमध्ये तबकड्या गुंडाळलेल्या असत. गोपाळगडाच्या पायथ्यापासून दीपगृहापर्यंत जुनी घरे पाहिलीत, तर अजून कुठे दहा, कुठे चाळीस अशा तबकड्या माळ्यावर सापडतील. कोणाकडे बालगंधर्वांची नाट्यपदे, कोणाकडे हिराबाई बडोदेकर, कोणाकडे मास्टर दीनानाथ. गीतरामायण 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झाले आणि पुढे त्याच्या तबकड्या निघाल्या. त्याही काही घरांत आहेत.

निगा राखायची तर वस्तू कशाची केली आहे, हे आधी ठाऊक पाहिजे. रेशमी लुगडे आणि सुती लुगडे आपण एकाच पाण्यात घालतो का? तसेच इथे आहे. तबकड्या मुख्यतः दोन जातींच्या.

पहिली जात जुनी. जड, कडक, पडली की बशीसारखी फुटणारी. हिच्यावर मिनिटाला 78 फेरे असे लिहिलेले असते. ही लाखेची. जी लाख बांगडीत असते, जी दागिन्यांत भरतात, तीच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून लाख मिळते आणि जगाला ती बरीचशी आपल्या देशातूनच जात असे. त्या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, तापवून, दाबून तबकडी करीत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. म्हणून मोठमोठ्या गवयांनाही आपली चीज तेवढ्यात बसवावी लागे.

आपल्या देशात अशा तबकड्यांसाठी पहिले ध्वनिमुद्रण 1902 सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झाले. फ्रेड गैसबर्ग नावाचे अमेरिकन गृहस्थ यंत्र घेऊन आले होते आणि त्या पहिल्या दिवसांत गाणाऱ्यांमध्ये गौहरजान होती. त्या वेळी तबकड्या इथे होत नसत. गाणे कलकत्त्याला घ्यायचे आणि तबकडी तयार व्हायची जर्मनीत, हॅनोवर गावी. गाणे संपले की गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगे. परदेशातल्या कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ती तसे करी, असे म्हणतात. पुढे 1908 साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या आपल्या देशात होऊ लागल्या. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पहिला मान बाईच्या आवाजाला मिळाला. आपल्याकडेही घरंदाज बायकांनी चारचौघांत गाऊ नये असे म्हणण्याच्या काळात, बायकांचा आवाज तबकडीवर बसून खेड्यापाड्यांतल्या माजघरांत पोचला.

दुसरी जात एलपीची. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ती 1948 साली आणली. ही विनाइलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची. आपल्या नळाचे पांढरे पाइप ज्या कुळातले, त्याच कुळातली. वजनाला हलकी, थोडी लवणारी, पडली तरी सहसा फुटत नाही. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणे. हिच्याच लहान बहिणी म्हणजे 45 फेऱ्यांच्या सात इंची तबकड्या.

मुलांना मी एक कोडे घालते. एलपीच्या एका बाजूला रेघा किती? कोणी पाचशे सांगते, कोणी हजार. खरे उत्तर एक. कडेपासून मध्यापर्यंत एकच चर गोल गोल फिरत जातो. तो उलगडून सरळ केला तर चारशे मीटरच्या वर भरेल, आणि त्याची रुंदी आपल्या केसाएवढी. एवढ्या बारीक वाटेवरून सुई चालते. त्या वाटेत धुळीचा एक कण म्हणजे सुईला पायात दगड. पहिल्यांदा टक् असा आवाज येतो. तसेच वाजवत राहिले की तो कण चरात रुततो आणि टक् कायमचा होतो. सारी निगा त्या एका चरासाठी आहे, एवढे ध्यानात धरले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आता आपल्या गावाचे पाहू. कोरड्या मुलखातल्या लोकांनी लिहिलेले नियम आपल्याला पुरत नाहीत. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. आषाढ-श्रावणात मीठ पाणी सोडते, आगपेटी पेटत नाही, चामड्याच्या चपलेवर पांढरे येते. हवेतला ओलावा शंभरात सत्तरच्या वर काही दिवस राहिला की बुरशी धरते. आपल्याकडे तर तो पावसाळाभर त्याच्या वर असतो. बुरशी कव्हराचा कागद, लेबलाची खळ आणि बोटांचा तेलकटपणा खाते, आणि तिथून चरात उतरते.

अशा गावात आपण रेकॉर्डी केव्हा काढतो? एकदा गणपतीत आणि एकदा मे महिन्यात, कारण तेव्हा चाकरमानी येतात. नेमक्या दोन्ही वेळा चुकीच्या. भाद्रपदात हवा ओली. आरतीला जमलेल्या घामेजल्या हातांनी तबकड्या हाताळल्या जातात, आणि परतीच्या गाडीच्या घाईत तशाच कव्हरात कोंबून पेटी बंद होते. आत कोंडलेला ओलावा मग दिवाळीपर्यंत आपले काम करीत बसतो. मे महिन्यात गाणे ओटीवर, तबकड्यांची चळत उन्हाच्या तिरपीत. विनाइल उन्हाने वाकते. एकदा पापडासारखी वाकली की ती पुन्हा सपाट होणे कठीण. घरगुती उपायाने सरळ करायला जावे तर उरलेलीही जाते.

खरा काळ कोणता? कोजागिरीनंतर शिमग्यापर्यंत. हवा कोरडी, ऊन मऊ. पण तेव्हा घरात कोण असते? आपणच. म्हणून मी म्हणते की, हे काम चाकरमान्यांवर सोडून भागायचे नाही. आगोटीला आपण पापड, आमसुले, लाकूडफाटा, सुकी मासळी यांची बेगमी करतो. त्याच यादीत मृग लागायच्या आधी रेकॉर्डीचे एक काम लिहा, आणि कोजागिरीनंतर दुसरे. आगोटीला त्यांना कोरडे करून बांधायचे, कोजागिरीनंतर उघडायचे. वर्षाकाठी चार दुपारी, याहून जास्त वेळ लागत नाही.

कोजागिरीनंतर उघडताना सकाळी लवकर उघडू नका. दंव ओसरू द्या. अकरा-साडेअकराला फडताळाची दारे उघडा, कव्हरे सावलीत वाऱ्याला ठेवा आणि ऊन उतरायच्या आत बंद करा. पापडाला ऊन, तबकडीला फक्त वारा.

ठेवायच्या कशा, ते ऐका. पुस्तकांसारख्या उभ्या. एकावर एक रचल्या तर खालचीला साऱ्यांचा भार. लाखेची असेल तर तडकते, विनाइलची असेल तर वाकते. उभ्या म्हणजे सरळ उभ्या; भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यासारख्या कललेल्या नकोत. दर वीस-पंचवीस तबकड्यांमागे फळीची आडभिंत घाला. दोन बोटांनी एक तबकडी सहज निघेल इतक्या सैल आणि शेजारची कलणार नाही इतक्या घट्ट. शंभर एलपी कव्हरांसकट वीस-पंचवीस किलो भरतात, म्हणजे तांदळाचे अर्धे पोते. तेव्हा फळी तशी मजबूत पाहा आणि मुलांना पेटी उचलायला लावू नका.

फडताळ जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे पुढे. जांभ्या दगडाची भिंत पावसात पाणी पिते, आणि आपल्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून. त्या अंगाच्या भिंतीला रेकॉर्डी कधी ठेवू नका. घराच्या मधल्या खोलीत ठेवा. चुलीजवळ नको, धुराचे किटण बसते. पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको; वैशाखात तिथे हात ठेववत नाही. जुन्या घरात कौलांखाली माळा थंड असे, म्हणून आजेसासऱ्यांच्या वेळी तिथे ठेवलेले चालून गेले. आता कौले जाऊन पत्रे आले, पण पेटी तिथेच राहिली, असे बऱ्याच घरी झाले आहे.

कव्हराचेही थोडे सांगते. जुन्या तबकड्यांची कागदी कव्हरे पिवळी पडून तुकडे होतात, आणि खळीच्या वासाने कसर लागते. ती बदलायची तर वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, त्याची शाई आणि आंबटपणा उतरतो. जाड, कोरा, स्वच्छ कागद घ्या. जुन्या कव्हरावर काही लिहिलेले असेल, दुकानाचा शिक्का असेल, तर ते फेकू नका, वेगळे जपा. एलपीला आतून साधी पॉलिथीनची पिशवी चालते. पण जाड, चकचकीत, वास येणारे मऊ प्लॅस्टिक नको. ते वर्षानुवर्षांनी विनाइलवर धुरकट डाग पाडते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक बिघडते. कसरीला उपाय म्हणजे वरचेवर पुसणे आणि उघडणे. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या पिशवीत ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या येतात, त्या साठवा. पण त्या घट्ट झाकणाच्या डब्यातच उपयोगी. उघड्या फडताळात ठेवल्या तर त्या समुद्र आटवायला निघाल्यासारखे होईल. आगोटीला कोरड्या केलेल्या तबकड्या घट्ट पेटीत अशा पुड्यांसह ठेवाव्यात आणि पावसाळाभर ती पेटी उघडू नये. गणपतीत ऐकायच्या दहा-बारा तेवढ्या वेगळ्या काढून ठेवाव्यात. म्हणजे गाण्याचीही हौस भागते आणि साऱ्या संग्रहाला ओल लागत नाही.

आता धुण्याविषयी, कारण यातच नुकसान फार होते. कोरडी धूळ असेल तर मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. चरांच्या दिशेने, गोल. आडवे कधीच नाही. धरताना दोन्ही तळव्यांमध्ये कडा धरा, आरसा धरतो तशी. नारळ खवून आलेल्या हाताने तबकडीला शिवू नका.

मळ चिकटलेला असेल तर पाणी लागते. विहिरीचे पाणी वापरू नका. आपले पाणी खाडीच्या अंगाला मचूळ आहे आणि सुकल्यावर त्याचे क्षार चरात राहतात. गाडीच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी दुकानात मिळते, ते घ्या. तांब्याभर पाण्यात भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब. मऊ फडके त्यात बुडवून पिळा, लेबल कोरडे ठेवून गोल पुसा, मग नुसत्या शुद्ध पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. वाळवायला आपल्या स्वयंपाकघरातले ताटाळे उत्तम. तारांना जुने मऊ कापड गुंडाळा आणि तबकड्या ताटांसारख्या उभ्या करा. पंख्याखाली, सावलीत. पुरत्या वाळल्याशिवाय कव्हरात घालू नका.

लाखेच्या तबकडीला एक गोष्ट कधीही लावायची नाही: स्पिरिट. सुतार कपाटाला पॉलिश करताना चपडी लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. मग तेच तबकडीवर चोळले तर काय होईल? गाणे फडक्यावर उतरेल. हात धुवायचे सॅनिटायझर घरोघरी आले आहे. त्यातही मद्यार्कच असतो. आणि लाखेच्या तबकडीला चीर असेल तर पाणीही नको, कोरडीच पुसा.

बुरशी आलेली तबकडी घरात पुसू नका. अंगणात न्या, नाकाला पदर किंवा मास्क बांधा, आणि पुसलेले फडके लगेच उकळा. दमेकरी माणसाने हे काम करू नये. आणि त्या तबकड्या पुसून, वाळवून, महिनाभर इतरांपासून वेगळ्या ठेवा.

वाजवण्याचेही दोन नियम आहेत. चावीच्या फोनोवर एलपी कधीही लावू नका. त्याची पोलादी सुई आणि जड डोके विनाइलचा चर नांगरून काढते. एका वाजवण्यात तबकडी वाया जाते. लाखेच्या तबकडीला मात्र पोलादी सुईच, आणि ती दर बाजूला नवी. तबकडीत दगडाची पूड असते, तिच्यावर सुई घासून झिजते. झिजलेली सुई पुढच्या तबकडीला खाते. समुद्राच्या खाऱ्या हवेने सुया गंजतात, म्हणून त्यांची डबी घट्ट ठेवा. फोनोच्या फिरत्या भागांना शिलाई मशीनचे तेल थेंबभर पुरते.

हे सारे ऐकून कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? गाणी मोबाइलवर आहेत. प्रश्न रास्त आहे. माझ्या मुलीनेही तोच विचारला. नामांकित गाणी मोबाइलवर आहेत, हे खरे. पण तबकड्यांवर केवढे काय काय होते! कीर्तने, भजने, नाटकांतले प्रवेश, विनोदी संवाद, एक-दोन गाणी गाऊन पुढे नाव न ऐकू आलेल्या बाया. त्यातले बरेचसे कोणी मोबाइलवर चढवलेले नाही, कारण ज्याच्याकडे तबकडी आहे त्याने ती काढलीच नाही. मुंबईत 1990 साली अशा तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था निघाली, ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’. मायकेल किनियर आणि सुरेश चांदवणकर यांनी ती उभी केली. या लोकांनी जुन्या बाजारात, रद्दीत, घरोघरच्या माळ्यांवर फिरून तबकड्या वाचवल्या आणि त्यांची माहिती छापून ठेवली. माळ्यावरच्या पेटीला मोल आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

आवाज राहिला नाही की काय जाते, ते पाहा. ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली देणारे, बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले 1922 साली वारले. त्यांच्या गाण्याची तबकडी मिळत नाही. उस्ताद अल्लादिया खाँ 1946 पर्यंत होते, पण त्यांचेही गाणे तबकडीवर नाही. ते कसे गात, हे आता ऐकलेल्यांच्या सांगण्यावरून ओळखायचे. आणि त्याच अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरच्या. अमेरिकेने 1977 साली व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांत पृथ्वीवरचे आवाज भरलेली एकेक तबकडी ठेवली, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा दिलेली. तिच्यात हिंदुस्थानातले एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई वारल्या. त्यांचा आवाज अजून प्रवासात आहे. गुरूचा आवाज पृथ्वीवर उरला नाही आणि शिष्येचा ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला. मधला फरक एका तबकडीचा. आणि एक गंमत पाहा. ती तबकडी पाठवताना त्या लोकांनी ॲल्युमिनियमचे कव्हर घातले, सोबत सुई दिली, आणि कशी वाजवावी याची चित्रे कोरली. तिथे ना पाऊस, ना वाळवी, ना कसर. तरी एवढी काळजी.

आता आपल्याच गावातली हकिकत. घराचे नाव सांगत नाही. म्हातारी माणसे गेली, मुले दूर, घराला कुलूप. चार पावसाळ्यांनी घर उघडले तेव्हा कौल सरकून पेटीवर पाणी गळत होते. आत कव्हरांचा लगदा, त्यात वाळवीचे वारूळ. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार झाला होता. मी आणि शेजारच्या दोघी गेलो. लगदा सोडवला, तबकड्या अंगणात नेल्या, तीन दिवस धुतल्या आणि वाळवल्या. कित्येक लाखेच्या तबकड्यांचे थर सुटले होते, त्या गेल्या. तिसाच्या वर वाचल्या. त्यात एका नाटकातले प्रवेश आहेत, ते आम्हांला अजून कुठे दुसरीकडे मिळालेले नाहीत. त्या घरच्या मुलाने फोनवर ऐकले आणि म्हणाला, “हे आजोबा पाठ म्हणायचे. मला वाटायचे, त्यांनीच रचलेय.” त्याने बाकीच्या तबकड्या विकल्या नाहीत.

आमच्याही दारात एकदा शहरातला व्यापारी आला होता. वजन किती भरेल म्हणाला. सासूबाई आतून म्हणाल्या, “वजन फळीचे विचार. गाण्याचे कोण करणार?” तो हसला आणि गेला. सासूबाईंना आता कमी ऐकू येते, पण ऊन उतरू लागले की त्या आतूनच विचारतात, दारे लावलीस का?

भगिनींनो, शेवटी मंडळापुढे तीन विनंत्या ठेवते. पहिली, प्रत्येक घराने एक वही करावी. तबकडीचा क्रमांक लेबलावर असतो आणि लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीतही कोरलेला असतो. तो, गाणाऱ्याचे नाव, दोन्ही बाजूंची गाणी आणि तबकडीची प्रकृती लिहावी. याला सातवीचे शिक्षण भरपूर झाले, माझी वही कोणीही पाहावी. दुसरी, दरसाल कोजागिरीनंतर एका रविवारी मंडळाच्या खोलीत सर्वांनी आपापल्या तबकड्या आणाव्यात. सावलीत हवा द्यावी, पुसाव्यात, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ज्या कुठेच मिळत नाहीत त्यांची गाणी संगणकात उतरवून घ्यावीत. उतारा दोन घरी ठेवावा; मूळ तबकडी ज्याची त्याच्याकडे. तिसरी, ज्या घरांना कुलूप आहे त्यांच्या मालकांना मंडळाने पत्र घालावे आणि त्यांची परवानगी घेऊन आगोटीआधी ती पेटी एकदा उघडून पाहावी. चावी शेजारणीकडेच असते. फक्त विचारायचे राहिलेले असते.

आपल्याकडे म्हणतात, हात फिरे तेथे लक्ष्मी वसे. आपल्या हवेत कडीकुलपात ठेवलेले सारे कुजते. हात फिरलेले टिकते. या वर्षीच्या आगोटीच्या यादीत पापडांच्या खाली एक ओळ वाढवा, एवढेच मागणे आहे.